सायकलचा बिल्ला

कृष्णराजनगर,
जि. म्हैसूर

ती. आत्यास,


पत्र आणि पैसे दोन्ही पोचले. नात आता सायकलनं शाळेला जाते हे कळल्यावर तू एवढंच विचारलंस, ‘तिकडे सायकलला बिल्ला लागतो का रे?’ पालिकेला कर भरून सायकलवर बिल्ला मारून घ्यायचा, दिवेलागणीनंतर दिवा नसला की चौकात शिट्टी वाजायची, डबलसीट दिसले की दोघांची वरात कडेला: त्या काळच्या पुणेकराला दुसरं काय सुचणार!

बिल्ला लागत नाही. लायसन नाही, नंबर नाही, हेल्मेटची सक्तीही नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याला यंत्रावर चालणारं वाहनच तेवढं ओळखू येतं, त्यामुळे पायांवर चालणारी सायकल त्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. हेल्मेटचं १२९वं कलम मोटारसायकलवाल्यांसाठी. मात्र बेफाम हाकली तर सुटका नाही. भारतीय न्याय संहितेच्या २८१व्या कलमात ‘कोणतंही वाहन’ असं म्हटलंय, त्यात सायकलही आली. म्हणजे गुन्हेगार म्हणून कायदा तिला ओळखतो.

कावेरीच्या पुरापायी जुनं येडतोरे सोडून वसवलेलं हे गाव, नाव चौथ्या कृष्णराज वडियारांचं. गावात सायकलला फारसं भय नाही. भय आहे ते म्हैसूरच्या नाहीतर हासनच्या रस्त्याला लागल्यावर. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर वीतभर डांबर, त्यापुढे माती, आणि संध्याकाळी मागचा दिवा नसलेली, भाताची पोती लादलेली ट्रॉली. पोरांच्या सायकली त्या वीतभर डांबरावरून जातात.

आणि या सायकली आल्या कुठून? पुष्कळशा सरकारनंच दिल्या. कर्नाटकानं २००६-०७पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांना सायकली वाटल्या. कोविडच्या काळात ते वाटप थांबलं. बिहारनंही २००६मध्येच नववीच्या मुलींसाठी अशीच योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा हिशोब मांडला तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. सायकलीनं एवढं काम केलं. पण ती चालवायची कुठे, याची तरतूद सायकलीबरोबर आली नाही.

म्हैसूर शहरात थोडं झालं. जून २०१७मध्ये ‘ट्रिन ट्रिन’ ही भाड्याच्या सायकलींची योजना ४५० सायकलींनिशी सुरू झाली. त्याच वर्षी तुझ्या पुण्यानं ८०० किलोमीटरहून लांब सायकलमार्गांचा आराखडा मंजूर केला. त्यातले किती मार्ग पार्किंगखाली आणि पाणीपुरीच्या गाड्यांखाली आहेत, ते तू रोज बघतेसच.

बाकी सायकलीची सरकारी आठवण निघते ती बंदीच्या फलकावर. १ ऑगस्ट २०२३पासून बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती महामार्गाच्या मुख्य रस्त्यावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि बिनइंजिनाची वाहनं यायची नाहीत. त्यांनी बाजूच्या सेवारस्त्यानं जावं. त्या वेगात सायकल नको, हे कुणालाही पटेल. पण जिथे सेवारस्ता तुटतो तिथे सायकलवाल्यानं काय करावं?

२०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३८ (१ए) हे पोटकलम आलं. पादचारी आणि बिनइंजिनाची वाहनं यांच्यासाठी राज्यांनी नियम ‘करावेत’ असं नाही हं, ‘करू शकतील’ असं! शेवटी ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं, की सहा महिन्यांत नियम करा. शब्दही कसे बघ: या लोकांच्या वावराचं ‘नियमन’. ज्याला धडक बसते त्याचं नियमन आधी. २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत साधारण ३ टक्के सायकलवर होती.

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर चारशेहून जास्त मुलं मेली, तेव्हा लोकांनी रस्ते अडवले. आंदोलनाचं नावच होतं ‘बालहत्या थांबवा’. तिथे आज मोटारीची सायकलला धडक बसली तर भरपाईचा भार आधी मोटारवाल्यावर येतो. आपल्याकडे धडक मारून गाडी पळाली तर मृताच्या घरच्यांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात. २०२५च्या मे महिन्यापासून अपघातग्रस्ताला सात दिवसांत दीड लाखापर्यंत बिनपैशाचे उपचार मिळण्याची सोयही झाली आहे. हे इथल्या सायकल दुकानांत कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुझ्या पैशातून हेल्मेट आलं, मागचा लाल दिवा आला आणि चाकांच्या आऱ्यांना चमकपट्ट्याही लागल्या. लाल दिवा नातीला फार आवडला. दिवसासुद्धा चालू ठेवते, सेल संपतात. तिला तुझा जुना बिल्ला मात्र बघायचाय. माळ्यावरच्या ट्रंकेत असेल तर पाकिटात घालून पाठव.

तुझा भाचा