आख्यान आणि आलाप

शास्त्रीय गाण्याकडे नवा श्रोता रागाच्या नावाने क्वचितच येतो. तो गोष्टीच्या ओढीने येतो, असं मला दिवसेंदिवस जास्त पटतंय. आपल्या कीर्तनकारांना हे कधीचंच ठाऊक होतं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि मधूनमधून साकी, दिंडी, कटाव अशी पद्यं. कथेच्या ऐन वळणावर बुवा थांबतात आणि पद सुरू करतात. समोरच्या माणसाला राग ओळखता आला नाही, तरी हा सूर कशासाठी लागलाय हे त्याला उमगतं.

गोष्टीची हीच ओढ कीर्तनाबाहेरही दिसते. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांच्या (ग. दि. माडगूळकर) ५६ गीतांना संगीतकार बाबूजींनी (सुधीर फडके) रागदारीचा आधार दिला आणि रामकथेच्या बोटाला धरून ते सूर घराघरांत पोहोचले. कुमार गंधर्वांनी ‘गीतवर्षा’त माळव्याची लोकगीतं आणि बंदिशी पावसाच्या एकाच सूत्रात ओवल्या.

ख्यालाच्या मैफलीबाबतही माझी अशीच एक इच्छा आहे. विलंबित ख्यालाआधी गायकाने दोन-तीन वाक्यांत बंदिशीतला प्रसंग सांगावा: कोण कुणाची वाट पाहतंय, प्रहर कोणता, रुसवा कशाचा. मग शब्द थांबवावेत आणि पुढचं सगळं आलापावर सोपवावं. एवढ्याने राग पातळ होत नाही. उलट ऐकणारा त्याच्या विस्तारात धीराने थांबतो. तरुण गायकांनी बोलायला संकोचू नये. श्रोत्याला सोबत घेणं हीसुद्धा गाण्याचीच साधना आहे.