आत्याच्या दारचा डोंगर

दिवाळीची सुटी लागली, की आमच्या घरी महाबळेश्वराचे नाव निघते. तेथे कोठे जेवावे, चणे नि जॅम कोठून घ्यावेत, यावर सौ. आणि मुले तासभर वाद घालतात. या वर्षी मात्र कासुर्डीहून आत्याचा निरोप आला, "डोंगरच बघायचा ना? मग माझ्या दारचा बघा की!"

पुण्याहून सोलापूर रस्त्याने उरुळी कांचन मागे टाकले, की यवतच्या अलीकडे कासुर्डी लागते. दक्षिणेला दिसते ती भुलेश्वरची रांग. सिंहगडाकडून पूर्वेला आलेला सह्याद्रीचाच फाटा. आत्याकडे बाजरीची भाकरी, पिठले आणि लसणीची चटणी अशी न्याहारी झाली. "इथे हॉटेल नाही?" असे विचारणाऱ्या चिरंजीवांनी तिसरी भाकरी मागून घेतली!

पूर्वी दर महाशिवरात्रीला आत्या भुलेश्वर पायी चढे. गुडघे कुरकुरू लागल्यापासून ते बंद झाले. यवतवरून गाडी थेट देवळाजवळ जाते, हे मला ठाऊक होते. तरी तिला कधी नेले नाही.

"महाबळेश्वराला किती वेळा गेलास रे?" गाडीत तिने सहज विचारले. मी घाटातल्या वळणांकडे लक्ष दिले.

यादवकाळातले हे शिवालय काळ्या पाषाणाचे आहे. १६३० च्या सुमारास मुरार जगदेवाने त्याच्याभोवती दौलतमंगळ किल्ला उभारला. बाहेरून पाहता आतल्या शिल्पांची कल्पनाही येत नाही. अरुंद, अंधाऱ्या पायऱ्या आत्या माझा हात धरून चढली. आत भिंतींवर रामायण-महाभारतातले प्रसंग. कित्येक मूर्ती भंगलेल्या. स्त्रीरूपातला गणेश मात्र मुलांना तिनेच दाखवला. पिंडीपाशी पेढे ठेवले, की एखादा कमी होतो, अशी भाविकांची श्रद्धा. धाकटीने पेढे दोनदा मोजले.

सवड असेल त्यांनी माळशिरसवरून सासवडला उतरावे. या दिवसांत तेथे सीताफळे मिळतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिवाळ्यात गेलात, तर तेही घ्या. आम्हांला आत्याला घरी सोडायचे होते, म्हणून यवतकडे परतलो. वाटेत गुऱ्हाळावर गरम गूळ चाखला, एक ढेप आणि बाटलीभर काकवी घेतली. सौ.ची खरेदीची हौस तेवढ्यात भागली.

निघताना आत्या म्हणाली, "शिवरात्रीला येशील?"

मी उत्तर देण्याआधीच धाकटी म्हणाली, "आजी, आम्ही सकाळीच येऊ. भाकरी करून ठेव!"