चौदा कॅरेटच्या पाटल्या

माझ्या बोटातील लग्नाच्या अंगठीला आतल्या बाजूने दोरा गुंडाळलेला आहे. १९९२ साली लग्न ठरले तेव्हा आईने माझ्या बोटाभोवती शिवणाचा दोरा फिरवला, त्याला गाठ मारली आणि तो कागदाच्या पुडीत घालून सोनाराकडे पाठविला. दोरा हा ओढला की ताणला जातो, हे आयुष्यभर गोधड्या शिवलेल्या माझ्या आईला ठाऊक नव्हते असे नाही. पण लग्नघाईत कोणाला सुचणार? चर्चच्या पायऱ्या उतरताना अंगठी बोटातून निसटली आणि घरंगळत थेट बँडवाल्यांच्या पायांत गेली. त्या दिवसापासून ती दोऱ्याच्या आधाराने माझ्या बोटात आहे.

अंगठीच्या मापाची ही गोष्ट आमच्या घरात हसत हसत सांगितली जाते. सोन्याच्या शुद्धतेविषयी मात्र आमच्याकडे कोणी हसत नसे. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वसईकडच्या आम्हा शेतकरी ख्रिस्ती कुटुंबांत सोने हे हौसेपेक्षा बेगमीसाठी अधिक घेतले जाई. केळी आणि पानवेलीचे पीक साधले की त्यातून गुंजभर सोने व्हायचे. विहीर आटली की तेच गहाण पडायचे. घराचा सोनार ठरलेला असे. तो कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढी, तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडी आणि सांगे, ‘बावनकशी आहे.’ आम्ही मान डोलवायचो. पावती मागणे म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणण्यासारखे होते.

माझ्या आईकडे पाटल्यांचे दोन जोड होते. एक १९६० साली लग्नात तिने माहेरून आणलेला; दुसरा माझी थोरली बहीण जन्मली त्या वर्षी, म्हणजे १९६४ साली, वडिलांनी करून घातलेला. वडील १९७९ मध्ये गेले. १९९७ मध्ये आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने आम्हां दोघा भावंडांना जवळ बोलावून सांगितले, ‘ताईच्या सालच्या पाटल्या ताईला. माझ्या माहेरच्या सूनबाईला.’ वाटणी इतकी सरळ होती की तीत वाद होण्यासारखे काही असेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही.

२००१ साली ताईने घराचा स्लॅब टाकायला काढला. पैसे कमी पडले म्हणून ती पाटल्या घेऊन एका दुकानात गेली. गल्ल्यावरच्या तरुणाने कस लावून पाहिला आणि म्हणाला, ‘ताई, हे बावीस कॅरेट नाही. चौदाच्या वर एक पैसा देता येणार नाही.’ ताई पाटल्या घेऊन तशीच परत आली. वाटेत ती आमच्याकडे थांबली. माझी पत्नी चहा टाकायला आत गेली तेव्हा ताई मला हळूच म्हणाली, ‘आईच्या आजारपणात कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे होत्या, एवढंच मला सांग.’

हळूच म्हटलेले ते वाक्य चुलीपर्यंत पोहोचले होते. आईचे अकरा महिने उष्टेखरकटे, अंघोळपांघोळ जिने केले, तिच्यावर पाटल्या बदलल्याचा संशय! पत्नी बाहेर आली, चहा ठेवला आणि काही न बोलता आत गेली. ताई त्यानंतर सणावाराला आली, मयतीला आली. पाहुण्यासारखी बसली आणि उठून गेली.

मी त्या वेळी काय केले? काहीच नाही. ‘बायकांच्या गोष्टी, होतील शांत,’ असे स्वतःला समजावीत राहिलो. आणखी एक गोष्ट लिहिताना लाज वाटते, पण ती गाळली तर बाकीचे लिहिण्याला अर्थ राहणार नाही. त्याच आठवड्यात एका रात्री, पत्नी झोपेत असताना, ‘खरंच तसं झालं असेल का?’ हा प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला. संत पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात श्रद्धेची तुलना अग्नीत पारखल्या जाणाऱ्या सोन्याशी केली आहे. रविवारच्या धर्मशिक्षणात मी तो उतारा मुलांना शिकवीत असे आणि घरी आल्यावर पत्नीच्या नजरेला नजर देण्याचे टाळीत असे.

पत्नीने भांडण केले नाही. तिने एक फाईल केली. त्या दिवसापासून आमच्या घरात सोन्याचा जो कण आला, नातवाच्या बाळीपासून भाचीच्या आहेरातल्या मण्यापर्यंत, त्याची पावती त्या फाईलमध्ये आहे. वजन किती, कॅरेट किती, घडणावळ किती, सारे तारखेनिशी. २००० साली भारतीय मानक ब्युरोने सोन्यावर हॉलमार्क सुरू केला होता. पण तो ऐच्छिक होता आणि आमच्या बाजूचे बहुतेक दुकानदार ‘आमचा शब्द म्हणजेच हॉलमार्क’ असे ऐकवीत. पत्नी शांतपणे म्हणे, ‘शब्द फाईलला लावता येत नाही.’ आणि दुसऱ्या दुकानात जाई.

२०२३ च्या ईस्टरनंतर आमच्या मुलीच्या लग्नाची खरेदी निघाली. पत्नीने मला न विचारता ताईला फोन लावला. मी ओसरीवर बसून ऐकत होतो. ‘ताई, अंगठ्या घ्यायला जातोय. आत्या म्हणून तुम्ही यायला हवं. आणि येताना तुमच्या पाटल्या घेऊन या. मीही माझ्या घेते. दोन्ही एकदा मशीनवर ठेवू या.’ पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ताई म्हणाली, ‘येते.’

दुकानात आधी अंगठ्यांचे काम झाले. मुलीने मोबाईल पुढे करून एका तयार साखळीवरचा सहा अक्षर-अंकी क्रमांक त्यात घातला. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो क्रमांक टाकला की दागिना कोणत्या प्रकारचा, किती शुद्धतेचा, कोणत्या केंद्रात तपासला गेला हे समोर येते. १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्किंग सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे आम्ही दुकानात जाण्यापूर्वी काही दिवसच आधी, त्या क्रमांकावाचून हॉलमार्कचा दागिना विकण्याला बंदी आली. दोन ग्रॅमच्या आतले किरकोळ दागिने यातून वगळलेले आहेत. मानक ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, ‘२२के९१६’ अशी शुद्धतेची खूण आणि तो क्रमांक, अशा तीन गोष्टी भिंगाखाली दिसल्या पाहिजेत. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली, तर जेवढे सोने कमी त्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळतो, हा नियमही पत्नीने दुकानदाराला ऐकवला. तो बिचारा ‘हो मॅडम, हो मॅडम’ करीत राहिला.

मापाबाबत मात्र दुकानदारच आमचा गुरू ठरला. त्याने मापाच्या कड्यांचा जुडगा काढला आणि जावईबापूंचे बोट मोजले. अंगठी बोटाच्या मुळाशी बसते, पण तिला जावे लागते मधल्या पेरावरून. पेर जाड असेल तर दोन्हींचा मेळ घालावा लागतो. रुंद पट्टीची अंगठी त्याच मापाच्या अरुंद अंगठीपेक्षा घट्ट लागते, म्हणून मोजायचे कडेही तेवढेच रुंद हवे. आम्ही भर दुपारी उन्हातून आलो होतो. ‘आत्ता बोटं सुजलेली असणार. थोडा वेळ पंख्याखाली बसा, पुन्हा मोजू,’ तो म्हणाला. आणि खरोखरच दुसऱ्या खेपेस एका नंबराचा फरक पडला. माप आधी नक्की करायचे आणि मगच हॉलमार्कला पाठवायचे. नंतर अंगठी कापून सैल-घट्ट केली तर आतली खूणच कापली जाण्याचा संभव असतो. मी माझा दोऱ्याचा हात खिशात घातला.

मग पत्नीने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. ताईनेही काढली.

दुकानातले ते यंत्र लहानशा पेटीएवढे. दागिना वितळवावा लागत नाही, घासावा लागत नाही. क्ष-किरणांनी मिनिटभरात आकडा येतो. (ते पृष्ठभागच वाचते, अंतिम निवाडा हवा तर मान्यताप्राप्त केंद्रात जाऊन सोने आटवूनच तपासावे लागते.) पत्नीच्या पाटल्यांचा आकडा आला ९०.९. जुन्या घडणीत डाक लावलेला असल्याने एवढी घट धरतात. ताईच्या पाटल्यांचा आला ५८.६.

कोणी काही बोलले नाही. ताईचे म्हणणे यंत्राने अक्षरशः खरे केले होते. एकीला बावीस, दुसरीला चौदा. पत्नीचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती खुर्चीवरून हलली नाही. ‘पुन्हा एकदा ठेवा,’ ती म्हणाली. पुन्हा ५८.६.

दुकानाच्या कोपऱ्यात दुरुस्तीच्या पाटावर एक वृद्ध कारागीर बसले होते, मालकाचे चुलते. आवाज का बंद झाला म्हणून ते उठून आले. त्यांनी ताईच्या पाटल्या उचलल्या, भिंग न लावता नुसत्या बोटांनी चाचपल्या, त्यांचा तांबूस रंग उजेडात धरून पाहिला आणि विचारले, ‘कुठल्या सालच्या?’

‘माझ्या जन्माच्या. चौसष्टच्या,’ ताई म्हणाली.

‘मग चौदाच्याच असणार, बाई. त्या साली बावीसचं नवं काम धरणारा सोनार तुरुंगात गेला असता.’

चीनच्या आक्रमणानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले. चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. परकीय चलन वाचावे, सोन्याची चोरटी आयात थांबावी हा हेतू; पण हजारो कारागिरांच्या हातचे काम गेले, काहींनी जीव दिला. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली. नियंत्रणाचा कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला. काका तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. ‘आमच्या बापाने सहा महिने भाजी विकली,’ एवढेच ते म्हणाले आणि पाटल्या परत देताना त्यांनी नक्षीवर बोट ठेवले. ‘बघा, वेल कशी शाबूत आहे. चौदाचं सोनं कडक. ह्या दुसऱ्या बघा, पार झिजून गुळगुळीत झाल्या.’

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. १९६२ चे युद्ध दरवर्षी फळ्यावर लिहिले. त्याच युद्धाचा एक तुकडा माझ्या बहिणीच्या हातात होता आणि त्याच्यापायी माझे घर दुभंगले होते, हे मला एका कारागिराने सांगावे लागले.

ताई घरी जाण्याऐवजी आमच्याबरोबर आली. माळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांच्या हिशेबाच्या वह्या होत्या. कसरीने खाल्लेल्या, पण वाचता येणाऱ्या. १९६४ ची वही पत्नीनेच शोधली. केळीचे घड, पानांची टोपली, बैलाचा पेंड यांच्या खाली शाईने लिहिले होते: पाटल्या १ जोड, १४ कॅ., मुलीच्या बाप्तिस्म्यानिमित्त. वडिलांनी काही लपविले नव्हते. आईला वाचता येत नव्हते आणि आम्ही वह्या कधी उघडल्या नव्हत्या.

ताईने ते पान दोनदा वाचले. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. मी आत गेलो नाही. बऱ्याच वेळाने भांड्यांचा आवाज आला आणि ताईने आतूनच मला विचारले, रात्री कोळंबी करायची की सुके बोंबील.

पत्नीच्या पाटल्या त्या लग्नात आटवायच्या ठरल्या होत्या. त्या आम्ही आटवल्या नाहीत. ताईने आपल्या पाटल्या भाचीला दिल्या. माप दोन-चारचे, म्हणजे दोन इंच नि चार सोळांश. आजीचा हात लहान. मुलीच्या हातात त्या चढवायला साबण लागला. पाटलीचे माप मनगटावर घ्यायचे नसते, अंगठा करंगळीकडे दुमडून बोटांच्या सांध्यांवर घ्यायचे असते, हे तिला तेव्हा कळले. एकदा चढल्यावर मात्र त्या पक्क्या बसल्या. अंगठ्या वेदीसमोर एका दमात बोटांत गेल्या. (ख्रिस्तसभेच्या विवाहविधीत अंगठीच्या कॅरेटचा उल्लेख कुठेही नाही, हे धर्मगुरूंनी लग्नाच्या तयारीच्या वर्गातच वधूवरांना सांगितले होते.)

वहीचे ते पान पत्नीने दुसऱ्या दिवशी झेरॉक्स करून आणले. झेरॉक्स तिने पावत्यांच्या फाईलमध्ये सर्वांत वर लावली. मूळ पान, माझ्या नावाचा उच्चारही न करता, ताईला दिले.