संगणकाच्या शोधांत किनाऱ्याकांठानें

श्रीवर्धनाहून अलिबागेस जाणारी किनाऱ्याची वाट जितकी रमणीय, तितकीच ओझें वाहणारास जाचक आहे. आरावी, कोंडविल, शेखाडी हीं गांवें एकामागून एक येतात. एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला थेट समुद्र. पुढें दिवेआगर, बोर्ली पंचतन आणि दिघी. दिघीस जमीन संपते व राजपुरीची खाडी फेरीबोटीनें ओलांडून आगरदांड्यास उतरावें लागतें. मग मुरूड, काशीद, कोर्लई, रेवदंडा व चौल हीं गांवें मागें टाकल्यावर अलिबागचें दर्शन घडतें. आमची पुतणी यंदापासून अलिबागेच्या महाविद्यालयांत शास्त्रशाखेचें शिक्षण घेणार. सुटीच्या दिवसांत तिची जा-ये याच वाटेनें व्हावयाची. तिच्यासाठीं संगणक घेण्याचें ठरलें, तेव्हां वैशाखांत आम्ही ही वाट त्याच दृष्टीनें न्याहाळीत मुंबईस गेलों.

घरांत या प्रश्नाचा खल पुष्कळ झाला होता. 3 जून 2020 रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें व वाडींतील सुपारीचीं झाडें आडवीं झालीं. सुपारीचें रोप लावल्यापासून फळ हातीं येण्यास सहा-सात वर्षें लागतात. त्यामुळें घरची थैली अजून सैल झालेली नाहीं. चाळीस हजारांवर एक पैसाहि जाऊं नये, असा दंडक होता. थोरल्या दादांचें म्हणणें असें कीं, इतक्या पैशांत मेजावरचा मोठा संगणक घ्यावा, म्हणजे तो साऱ्या घराच्या उपयोगीं पडेल. म्हणणें वावगें नव्हतें. परंतु पुतणी म्हणाली, “काका, संगणक घरीं आणि मी अलिबागेस, तर अभ्यास कुणीं करावयाचा?” यावर कुणासच उत्तर सुचेना.

दिघीच्या धक्क्यावर तिच्या बोलण्याचें मर्म आम्हांस अधिकच पटलें. खांद्यावर पुस्तकांची पिशवी, हातांत कपड्यांची बॅग आणि बोटींत चढण्याची घाई. अशा वेळीं अडीच किलोचें यंत्र व दीड किलोचें यंत्र यांतील अंतर कागदावर दिसतें त्याहून मोठें असतें. 1981 सालीं, म्हणजे कुलाबा जिल्ह्याचें रायगड असें नामकरण झालें त्याच वर्षीं, अमेरिकेंत ऑस्बोर्न नांवाचा सुटसुटीत म्हणविणारा संगणक विक्रीस आला. त्याचें वजन सुमारें अकरा किलो होतें! त्या मानानें आजची पिढी भाग्यवान खरी. पण दुकानांतील मोठ्या पडद्यास भुलून वजन विसरणारे आजहि थोडे नाहींत.

अलिबागेंत चुंबकीय वेधशाळेपाशीं आम्ही थोडे थांबलों. ही वेधशाळा पूर्वीं मुंबईस कुलाब्याला होती. शहरांत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानें नाजूक उपकरणें बिघडणार, हें ओळखून डॉ. नानाभाई मूस यांनीं 1904 सालीं नवी वेधशाळा येथें उभारली. उपकरण उत्तम असलें तरी त्यास जागा मानवली पाहिजे, हा धडा शंभरांवर वर्षें येथें उभा आहे, आणि तो आमच्या खरेदीसहि लागू होता.

आमची जागा म्हणजे खारा वारा व चार महिन्यांची ओल. संगणकाचा पंखा हीच हवा आंत ओढतो, व धातूचे सांधे हळूहळू गंजतात. यंत्र कपाटांत बंद ठेवण्यापेक्षां रोज थोडा वेळ चालविलेलें बरें. त्याच्या स्वतःच्या उष्णतेनेंच ओल उडते. दुसरी गोष्ट विजेची. निसर्गानंतर कित्येक गांवांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पन्नास वॉट-तास क्षमतेची बॅटरी दहा वॉट खर्चणाऱ्या यंत्रास पांच तास पुरते, हा हिशेब शाळकरी मुलासहि करतां येईल. तो दुकानांतच करावा. जुन्या बॅटरीची क्षमता मात्र घटलेली असते, म्हणून ती तपासूनच घ्यावी.

मांडव्याहून मोटारगाड्या नेणारी रो-रो बोट मार्च 2020 पासून सुरू झाली आहे. तीमधून भाऊच्या धक्क्यावर उतरून आम्ही लॅमिंग्टन रोड गांठला. नव्या यंत्रांपैकीं आमच्या पैशांत बसणारीं एक तर वजनदार, नाहीं तर चार जीबी स्मरणशक्तीचीं निघालीं. एवढ्या स्मरणशक्तीवर आज चारच खिडक्या उघडल्या तरी यंत्र धापा टाकूं लागतें. आठ जीबी तरी हवीच. तेव्हां आम्ही कंपन्यांनीं वापरून काढलेल्या, दुरुस्त केलेल्या लॅपटॉपांकडे वळलों. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. विंडोज 10 ची मोफत डागडुजी मायक्रोसॉफ्टनें 14 ऑक्टोबर 2025 रोजीं थांबविली, व विंडोज 11 ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुनें यंत्र स्वस्त मिळालें तरी विंडोजवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यास तें महागच पडतें.

अखेर चौदा इंचांचा, दीड किलोचा, आठ जीबी स्मरणशक्तीचा, फिरत्या तबकडीऐवजीं एसएसडी असलेला लॅपटॉप सव्वीस हजारांस पसंत केला. स्मरणशक्ति पुढें वाढविण्यास आंत जागा आहे, हें झांकण उघडवून पाहिलें. सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून घेतली. पुतणीनें तर दुकानदारास अर्धा तास तिष्ठत ठेवून कळफलकावरील प्रत्येक कळ दाबून पाहिली. तेंहि योग्यच झालें.

उरलेल्या चौदा हजारांचें काय करावें, याचा निकाल थोरल्या दादांनींच दिला. अडीच हजार बॅटरीसाठीं बाजूस ठेवले. ती दोन वर्षांत बदलावी लागेलच. बाकीच्या रकमेंत पाऊस सुरू होण्यापूर्वीं सुपारीचीं रोपें आणावयाचीं. मुलीची पदवी आणि रोपांचें पहिलें फळ यांत तीन-चार वर्षांचें अंतर राहील. तोंवर दोहोंची निगा राखणें एवढेंच घराच्या हातीं आहे.