'क्रीड' आणि श्रद्धा

उचगावातील आम्हां ख्रिस्ती घरांतून तरुण मंडळी 'इंडस क्रीड'ची गाणी लावतात, तेव्हा आजीआजोबांच्या तोंडी त्या नावाची 'कीड' होते आणि घरात हशा पिकतो. मुंबईत १९८४ साली 'रॉक मशीन' या नावाने निघालेल्या या वाद्यवृंदाने १९९३ साली हे नवे नाव धारण केले. यंत्राचे नाव टाकून नदीचे व श्रद्धेचे नाव घ्यावे, याचे आम्हांस कौतुक वाटते.

'इंडस' म्हणजे आपली सिंधू. इराणी लोकांनी 'स'चा 'ह' केला, ग्रीकांनी तो 'ह'ही गाळला आणि लॅटिनमध्ये 'इंडस' झाले. 'क्रीड' हा शब्द 'क्रेदो' या लॅटिन शब्दावरून आला. 'मी श्रद्धा ठेवतो' हा त्याचा अर्थ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२-६५) आपले वाडवडील मिस्सेत तो लॅटिनमधूनच ऐकत. नवल असे, की भाषाशास्त्रज्ञ 'क्रेदो' आणि संस्कृत 'श्रद्धा' हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे मानतात. 'हृदय ठेवणे' हा त्या मुळाचा अर्थ.

तेव्हा हे विलायती वाटणारे नाव दोन्ही अंगांनी आपल्या नात्यातलेच निघाले! नातवंडांनी वडीलधाऱ्यांचा उच्चार अवश्य सुधारावा, परंतु हा अर्थही त्यांच्यापाशी बसून उलगडावा. रविवारी श्रद्धा प्रकट करावयास आमच्या तिन्ही पिढ्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. कोणाचे शब्द स्वच्छ, कोणाचे अडखळते. त्यांत हृदय कोणी किती ठेवले, हे मात्र परमेश्वरच जाणे.