पाणचक्की, मकबरा आणि घरची शाळा

जालन्याहून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद, एसटीने दीड-दोन तासांवर. लग्नकार्य, दवाखाना, पुस्तकांची खरेदी अशा कामांसाठी आम्ही तिथे नेहमीच जातो. या डिसेंबरात मात्र दोन दिवस काढून फक्त शिकायला गेलो. सोबत अकरा वर्षांचा धाकटा मुलगा, त्याची दादी, एक मोजपट्टी आणि दोन वह्या होत्या. एक वही मराठीची, एक उर्दूची.

मुलगा दोन वर्षांपासून घरीच शिकतो. त्याची जीभ अडखळते. आधीच्या शाळेत वर्गात मोठ्याने वाचायची वेळ आली की मुले हसत, तास संपत आलेला असे आणि त्याचे वाक्य अर्धेच राही. हळूहळू त्याने घरातही बोलणे कमी केले. आम्ही दोघे त्याला घरी शिकवू लागलो, तेव्हा नातेवाइकांनी विचारले, "शिक्षकाच्या घरातलं पोरगं शाळेत नाही, लोक काय म्हणतील?" प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर आम्ही अजून शोधतो आहोत.

घरी आमचा नियम साधा आहे. आधी हाताने करायचे, मग वाचायचे, मग जाऊन पाहायचे. पाणचक्कीसाठी आम्ही महिनाभर आधीच कामाला लागलो. गच्चीवर दोन बादल्या आणि एक पारदर्शक नळी घेतली. नळी मध्येच खाली वाकवली तरी पाणी दुसऱ्या टोकाला पहिल्या बादलीतल्या पातळीपर्यंत चढते, हे मुलाने स्वतः पाहिले. एकदा नळीत हवेचा बुडबुडा अडकला आणि पाणी थांबले. तो तासभर नळी हलवत बसला. मग जुने चमचे सायकलच्या चाकाला बांधून त्याने नळाखाली फिरणारे चाक केले. दादीने त्याला "भिजू नकोस" एवढेच बजावले.

खाम नदीकाठी, सूफी बुजुर्ग बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्की आहे. काही किलोमीटर दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी जमिनीखालून पाणी येते, उंच भिंतीवर चढते आणि हौदात कोसळते. त्याच पाण्याच्या जोरावर खाली जाते फिरत असे आणि फकीर, मुसाफिरांसाठी धान्य दळले जाई. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत, त्यामुळे उन्हाळ्यातही तिथे गारवा असतो. नळांच्या वाटेवर जागोजागी उंच खांब बांधलेले होते. ते कशाला, असे विचारताच मुलगा म्हणाला, "बु... बुडबुडा बाहेर काढायला." आम्ही काही सांगितले नव्हते. नळांत कोंडलेली हवा तिथून निघून जाई. हे उत्तर त्याला गच्चीवरच्या नळीने दिले होते. तिथल्याच मशिदीत जुहरची नमाज अदा केली आणि वडाच्या सावलीत डबा खाल्ला.

दुपारी बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू यांची ही कबर शहजादा आजमशाहने बांधवली असे सांगतात. लोक याला ताजमहालाची नक्कल म्हणून मोकळे होतात. आम्ही मुलाला सांगितले, नक्कल म्हणण्याआधी नीट बघ. त्याने हात फिरवून पाहिला. संगमरवर खालच्या भागात आणि घुमटावर आहे, बाकी भिंतीवर गुळगुळीत चुन्याचा गिलावा. मग खर्चाचा हिशेब निघाला. जुन्या तवारिखेत 6,68,203 रुपयांची नोंद आहे. कमी पैशांत डौल कसा राखायचा, हाही कारागिरीचाच धडा आहे. दरवाजावरच्या लेखात वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय अशी दोन्ही नावे आहेत. मुलगा "ऐन, तोय, अलिफ" असे एकेक अक्षर हळूहळू म्हणत उभा होता. मागून येणारे लोक बाजूने निघून जात होते. त्याला घाई करणारे कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी खुलताबादला गेलो. औरंगजेबाच्या साध्या कबरीपाशी गर्दी होती, मलिक अंबरच्या मकबऱ्यापाशी आम्हीच. हबसाणातला एक मुलगा, गुलाम म्हणून पुन्हा पुन्हा विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर झाला. 1610 मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले, तेच पुढचे औरंगाबाद. त्याने शहराला नहर दिली, जमीन महसुलाची घडी बसवली, गनिमी काव्याने मोगलांना थोपवले. 1626 मध्ये तो वारला. मुलाने उर्दूच्या वहीत त्याच्यावर दीड पान लिहिले.

रात्री मुक्कामी दादी 'गुलिस्तान'मधली हिकायत सांगते, आम्ही 'श्यामची आई'चे एक प्रकरण वाचतो. शेख सादींचे पुस्तक 1258 चे, साने गुरुजींनी त्यांचे 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. दोन्ही पुस्तके मुलाला एकाच घरातली वाटतात, आणि तसेच वाटावे.

ज्यांना असे काही करावेसे वाटते, त्यांना आमचे सांगणे असे. एका दिवसात दोनच ठिकाणे पाहा. जाण्याआधी घरी एक प्रयोग करा. मुलाने विचारल्याशिवाय माहिती सांगू नका. आणि घरच्या शाळेला गुलाबी रंगही देऊ नका. आमच्या मुलाला संध्याकाळचे क्रिकेट आहे, मकतब आहे, वाणी उपचारासाठी दर पंधरवड्याला जाणे आहे, पण बाकावर शेजारी बसणारा दोस्त नाही. ती उणीव कुठलाही मकबरा भरून काढत नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. घरीच शिकायचे ठरले तर पुढे राष्ट्रीय मुक्त शाळेची परीक्षा आहे, दहावीला 17 नंबरचा फॉर्मही आहे. म्हणजे वाटा बंद नाहीत. जूनमध्ये काय करायचे, हे आम्ही मुलालाच विचारले. तो बराच वेळ थांबला, आम्हीही थांबलो. मग म्हणाला, "आधी शाळा बघून येऊ. मोजपट्टी घेऊन." पुढच्या महिन्यात गावातल्या दोन शाळा पाहायला जाणार आहोत. त्याला पसंत पडेल तिथे आम्ही एवढेच विचारू, वाक्य पूर्ण होईपर्यंत तुमच्याकडे थांबतात का?