नागझिऱ्याहून परतताना

लग्नाला बावीस वर्षे झाली तरी आम्ही उभयता कुठे म्हणून फिरायला गेलो नव्हतो. लग्नकार्ये झाली, मयती झाल्या, मोर्चे झाले, अधिवेशने झाली. या सर्व ठिकाणी आम्ही सोबत गेलो, पण तिथे पोहोचलो की ती बायकांत आणि मी व्यवस्थेत. म्हणून गेल्या वर्षी, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, पुण्याला शिकणाऱ्या मुलीने मोबाईलवरून परस्पर नागझिऱ्याचे बुकिंग करून टाकले आणि "आता पैसे परत मिळत नाहीत" असा दम भरला, तेव्हाच आम्ही निघालो. शुक्रवारची किरकोळ रजा टाकली. शेजारच्या सूनबाईंनी आईकडे बघण्याचे कबूल केले. गाडी जुनीच, दुसऱ्याच्या हातची घेतलेली वॅगन आर, पण टायर नवे टाकले होते.

नागझिऱ्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे त्याच नावाचे पुस्तक वाचनालयातून आणून मी फार पूर्वी वाचले होते. झिरा म्हणजे डोंगरातून झिरपणारे पाणी. १९७० साली अभयारण्य झाले, क्षेत्र सुमारे १५३ चौरस किलोमीटर. तेव्हा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही जंगले एकत्र करून व्याघ्र प्रकल्प करण्यात आला. एवढी माहिती मी गाडीतच मंडळींना सांगून टाकली. ती म्हणाली, "सभेत बोलल्यासारखे नका बोलू. झाडं पाहू द्या."

शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी अशा दोन फेऱ्या पिटेझरीच्या फाटकातून केल्या. ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह, मध्येच बांबूची बेटे. जानेवारीची थंडी अशी की उघड्या जिप्सीत मी मफलरावर तिची शालही गुंडाळून घेतली. वाघ दिसला नाही. ओल्या मातीत पंजाचा ठसा तेवढा दिसला. वाटाड्या खाली वाकून म्हणाला, "सकाळचाच आहे जी." रानगव्यांचा कळप मात्र अगदी जवळून पाहिला. आणि रानकुत्री. नागझिऱ्याची रानकुत्री प्रसिद्ध आहेत म्हणे. सहा-सात तांबडी जनावरे तळ्याच्या काठाने एकामागे एक अशी गेली, जशी काही ड्युटीवर निघाली आहेत.

वाटाड्या पोरगा तिथल्याच गावचा, बोलका. त्याने जय नावाच्या वाघाची हकीगत सांगितली. नागझिऱ्यात जन्मलेला हा वाघ २०१३ मध्ये जंगल सोडून निघाला, शेते, रस्ते, नदी ओलांडून पार उमरेड-कऱ्हांडल्याला पोहोचला. तिथे त्याला पाहायला लोक रांगा लावत. एप्रिल २०१६ पासून तो दिसेनासा झाला, तो आजवर सापडला नाही. मग त्या पोराने दुसरी गोष्ट सांगितली, ती मात्र हळू आवाजात. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून इथे सोडल्या, कारण इथे वाघ कमी आणि जागा भरपूर. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात, रात्री एका तरुण वाघाला मोटारीने उडविले. वाघ कमरेतून मोडला, उठायचा प्रयत्न करीत फरफटत झाडीत गेला. मागच्या गाडीवाल्यांनी त्याचे चित्रण केले आणि ते साऱ्या देशाने मोबाईलवर पाहिले. तो वाघ वाचला नाही.

"एकीकडून आणून सोडायचे आणि दुसरीकडून गाडीखाली घालायचे, हा कुठला हिशेब?" मंडळींनी विचारले. मी बी. कॉम. असल्यामुळे हिशेबाचे प्रश्न माझ्याकडेच येतात.

साळी गोरेगावला दिलेली. इतक्या दूर येऊन तिच्याकडे न जाणे शक्यच नव्हते. साकोली, कोहमारा करीत दुपारी तिथे पोहोचलो. जेवण झाले, बहिणी-बहिणींचे बोलणे सुरू झाले आणि ते संपेना. मी घड्याळ पाहात होतो. सोमवारी दहाला टेबलावर बसायचे होते, शिवाय संध्याकाळी वस्तीत सभा ठेवली होती, तिचे इतिवृत्त माझ्याकडेच. साळभाऊ म्हणाले, "राहा आजची रात्र, पहाटे निघा." हिची इच्छा होती. मी नाही म्हणालो. चिन्नोर तांदळाची पिशवी, पोळ्या आणि वांग्याची भाजी घेऊन निघालो तेव्हा साडेपाच वाजले होते. अमरावती जवळपास तीनशे किलोमीटर.

गोरेगाव सोडले की थोड्या वेळात मुरदोलीचे जंगल लागते. दिवस मावळला होता, पण अंधार पडला नव्हता. गाडी चालविणाऱ्यांना ही वेळ ठाऊक आहे. दिवा लावला तरी उजेड पडत नाही आणि न लावला तर दिसत नाही. ही गप्प होती. राहू दिले नाही म्हणून गप्प आहे हे मला कळत होते, आणि ते कळते म्हणून मी जास्तच वेगात होतो. गाडीतल्या रागाचे असेच असते, तो पायातून खाली उतरतो.

"हळू घ्या ना. कोणती गाडी सुटून रायली आपली?"

मी काही उत्तर देणार तेवढ्यात डाव्या बाजूने एक चितळाची मादी रस्त्यावर आली आणि मध्येच उभी राहिली. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. मागच्या सीटवरची तांदळाची पिशवी खाली आदळली. गाडी वाकडी होऊन थांबली. मादी आमच्यापासून दोन हातांवर असेल. तिने आमच्याकडे पाहिले, उडी मारली आणि गेली. मी गिअर टाकणार तोच हिने माझा हात धरला. "थांबा. मागून पिल्लू असंन." आणि खरोखरच मागून पाडस आले. पाय काड्यांसारखे. ते घाईत नव्हते.

मी गाडी कडेला घेतली. हात थरथरत होते हे कबूल करतो. वाटाड्याने त्या वाघाची गोष्ट सांगितली तेव्हा मी त्या मोटारवाल्याला मनातल्या मनात पुष्कळ बोललो होतो. तोही कोणाच्या तरी सोमवारसाठीच धावत असेल.

इथे एक सांगितले पाहिजे. जनावराला आपण जंगलाची हद्द आखून देतो, पण त्याचे जाणे-येणे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात असते. नागझिरा आणि नवेगाव यांच्यामध्ये शेती आहे, गावे आहेत आणि पूर्वी ज्याला सहा नंबरचा हायवे म्हणत तो आता त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आहे. नागपूरहून शिवनीकडे जाताना पेंचच्या जंगलात रस्ताच वर उचलला आहे. गाड्या वरून जातात, जनावरे खालून, आणि वाघसुद्धा तिथून जातात हे कॅमेऱ्यांत आले आहे. म्हणजे करता येते. जिथे तसे नाही तिथे मात्र सारे काही चालविणाऱ्याच्या पायावर आहे.

कोहमाऱ्याला महामार्गावर लागलो. मी चाळीसच्या वर गेलो नाही. ट्रक हॉर्न वाजवीत पुढे जात होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. साकोली मागे पडली, दोन्ही बाजूंना धान कापून नेलेली रिकामी बांधी आणि मध्येच एखाद्या तलावाचे चमकणारे पाणी. या भागात गावोगावी जुने मालगुजारी तलाव आहेत, त्यांना लोक मामा तलाव म्हणतात. तेव्हा ही समोर बघतच म्हणाली, "एक सांगायचं होतं. मी बी. ए. चा फॉर्म भरला."

"कधी?"

"मागच्या ऑगस्टात. मुक्त विद्यापीठाचा."

लग्न झाले तेव्हा ती बारावी पास होती. पुढे शिकवू असे मीच तिच्या वडिलांना सांगितले होते. मग मुलगी झाली, बाबांचे आजारपण, बदली, आईचे गुडघे. मी विसरलो होतो असे नाही. मला वाटायचे, ती विसरली.

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तुमाले सांगितलं असतं तं तुम्ही पुढच्या सभेत माझा सत्कार ठेवला असता."

हसू आले आणि लागलेही. कारण ते खरे होते. वस्तीतल्या निम्म्या पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म मी भरले आहेत. कोणाचा जातीचा दाखला अडला, कोणाचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र, रात्री दहालाही माणूस दारात आला तर मी चप्पल घालतो. आणि आपल्याच घरातला एक फॉर्म भरून गेला, त्याची पुस्तके पोस्टाने आली, ती गव्हाच्या कोठीमागे ठेवली गेली, आणि मला पत्ता नाही.

"अभ्यास कधी करते?"

"तुम्ही सभेले गेले की."

मग मूळ गोष्ट निघाली. अभ्यास केंद्राचे वर्ग रविवारी असतात. ती आजवर एकाही वर्गाला गेली नव्हती. रविवारी मी घरी नसतो. कुठे ना कुठे कार्यक्रम, नाही तर बैठक. आई एकटीला ठेवता येत नाही, तिला धरून न्यावे लागते. उन्हाळ्यात परीक्षा. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघावे? "मग आईच्या जेवणाचं कसं?"

ती काही बोलली नाही. खिडकीची काच वर केली. लाखनी येईपर्यंत कोणी बोलले नाही. अंतर फार नाही, पण चाळीसच्या वेगाने पुष्कळ वाटते.

लाखनीला चहाला थांबलो. तिने पोळ्यांचा डबा उघडला, मला वाढून दिले, स्वतः बाकावर दूर बसून खाल्ले. मला खिशातली छोटी डायरी आठवली. प्रवासाचा खर्च मी तिच्यात लिहीत होतो, पेट्रोल, टोल, जिप्सी, वाटाड्या, चहा. मागची पाने उलटली. महिन्याचे चारही रविवार भरलेले. पुढच्या महिन्याचेही. बैठक, बैठक, पाहुणे वक्ते आणणे, बैठक. पैकी किती बैठका रविवारीच होणे गरजेचे होते याची टिचक्या मारून मोजदाद केली. चारपैकी एक. उरलेल्या तीन मी माझ्या सोयीने ठेवल्या होत्या.

डायरी तिच्यापुढे ठेवली. "शनिवारी संध्याकाळी घेता येतीन. आई माझी आहे, मी पाहीन."

"एकच रविवार पाहून थकान तुम्ही."

"थकलो तं थकलो."

तिने डायरी पाहिली, आपल्याच पिशवीतला पेन काढला आणि तीन रविवारांवर आडव्या रेघा मारल्या. चौथ्यावर क्षणभर थांबली आणि तो तसाच राहू दिला. त्यावर आम्ही आणखी एक चहा घेतला.

भंडाऱ्याजवळ वैनगंगेच्या पुलावर आलो तेव्हा नदीवरून थंडगार वारा येत होता. पुढे मौद्याला कन्हान. नागपूर बाहेरूनच काढले. साडेदहा वाजून गेले होते आणि माझे डोळे जड झाले होते. मुरदोलीचा तो ब्रेक अजून पायात होता. बाजारगावच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर थांबलो असता ती आपल्या बाजूने उतरली, फिरून माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, "सरका."

लायसन आम्ही दोघांनी एकाच दिवशी काढले होते. चाचणीत ती पहिल्या फेरीत पास झाली, मी दुसऱ्या. तरी चार वर्षांत मी तिला मैदानात आणि दवाखान्यापर्यंत, एवढीच गाडी दिली होती. रात्र आहे, ट्रक आहेत, हायवे आहे, ही माझी कारणे. आता तीनही समोर होती. मी सरकलो.

कोंढाळीपर्यंत मी जागा होतो आणि सूचना देत होतो. इंडिकेटर दे. डिपर दे. तो टँकर जाऊ दे. तिने एकही ऐकली नाही आणि काहीही बिघडले नाही. त्यानंतरचे मला आठवत नाही. कारंजा घाडगे, तळेगाव, तिवसा, हे सगळे माझ्या झोपेतून गेले. जाग आली ती नांदगाव पेठच्या टोलवर, काच खाली झाल्याच्या गारव्याने. ती सुट्टे पैसे मोजत होती, पाय सीटवर घेता आला नसता म्हणून चप्पल काढून ठेवली होती, आणि कुठलेसे गाणे बारीक आवाजात गुणगुणत होती. मला पाहून थांबली.

"चालू दे ना," मी म्हणालो.

"कोणतं, गाडी का गाणं?"

घरी पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. शेजारच्या सूनबाई सतरंजीवर झोपी गेल्या होत्या, आई मात्र खाटेवर जागी. मी धरून तिला उठवून बसविले. तिने सुनेकडेच पाहून विचारले, "वाघ पाह्यला काय वं?"

"नाही बाई. हरीण पाह्यलं. पिल्लासंगट."

"मंग चांगलं झालं," आई म्हणाली आणि पाणी मागितले.

तांदळाची पिशवी खाली आदळल्याने एका कोपऱ्यात फाटली होती. गाडीतून दारापर्यंत तांदूळ सांडत आला होता. ते झाडून भरून ठेवायला तिला मी येऊ दिले नाही. कोठीमागे हात घातला तेव्हा पुस्तके हाती लागली, वर्तमानपत्रात नीट बांधलेली. ती काढून कपाटात, माझ्या इतिवृत्तांच्या फायलींच्या खणात ठेवली. जागा पुरेना, म्हणून फायली खाली घेतल्या.